बत्तीस की सोळा?

आर्णी

चि. भाचेबुवा यांसी मामाचे अनेक आशीर्वाद.

एकाच गल्लीत राहणाऱ्या मामाने कागद लिहावा, याचं भाचेबुवांना हसू येईल. पण दुकानात मित्रांसमोर बोललं की पोराचा पाणउतारा होतो, आणि घरी बोलायला गेलं की ताई मध्ये पडते. म्हणून हा कागद. वाचून झाला की रसायनशास्त्राच्या वहीत ठेवावा.

कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत आठ दिवस झाले, भाचेबुवांसह चौघांची परीक्षेची उजळणी चालली आहे. मामा गल्ल्यावर असतो, मध्ये नुसता पडदा. सगळं ऐकू येतं. पहिले चार दिवस जे ऐकू आलं त्याला अभ्यास म्हणायला जीभ रेटत नाही. एकजण पुस्तक मोठ्याने वाचायचा, बाकीचे ‘हो, हो’ करायचे, मग चहा. वाचताना सगळ्यांना सगळं समजलेलं असायचं. खरा अभ्यास झाला गुरुवारी, आणि तो भांडणातून झाला.

प्रश्न साधा होता. ८ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे किती मोल? एकाने पाव सांगितलं, दुसऱ्याने अर्धा.

“अबे, ऑक्सिजनचा अणुभार बत्तीस आहे!”

“सोळा आहे बे. नववीपासून सोळाच आहे.”

आवाज इतके चढले की युरिया न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने पडदा सारून आत पाहिलं. सोळावाला मराठी शाळेतून आलेला. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात तो अणू आणि रेणू शिकला. बत्तीसवाला मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून तयारी करतो. हिंदीत ज्याला ‘परमाणु’ म्हणतात तो आपला अणू, आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. ऑक्सिजन वायूच्या रेणूत दोन अणू, म्हणून त्याचं रेणुवस्तुमान ३२ आणि उत्तर पाव मोल. म्हणजे सोळावाल्याचा शब्द बरोबर पण उत्तर चूक. बत्तीसवाल्याचं उत्तर बरोबर, शब्द मात्र परगावचा. अकरावीचं पुस्तक इंग्रजीत, समजावणं अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि वर्गात उर्दू शाळेतून आलेली मुलंही. आपल्या आर्णीत असा घोळ होणारच. दोघं आपापल्या घरी वाचत बसले असते, तर तो थेट उत्तरपत्रिकेत उतरला असता.

या भांडणाला थोर पूर्वज आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या रसायनतज्ज्ञांत हाच वाद होता. ऑक्सिजनसाठी कोणी ८ हा आकडा धरी, कोणी १६; त्यामुळे पाण्याच्या सूत्रात कोणी हायड्रोजन एकदा लिही, कोणी दोनदा. अ‍ॅव्होगाड्रोने १८११ सालीच वाट दाखवली होती, पण पन्नास वर्षं ती फारशी कोणी धरली नाही. अखेर ३ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी सुमारे १४० रसायनतज्ज्ञ जमले. तीन दिवस वाद झाला, सर्वांचं एकमत काही झालं नाही. निघताना मंडळींच्या हाती इटलीच्या कानिझारोची एक पुस्तिका पडली. जिनोव्यात आपण विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र कसं शिकवतो, ते त्याने १८५८ साली त्यात मांडलं होतं. लोथार मायर या जर्मन तज्ज्ञाने ती परतीच्या वाटेवर वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली, आणि त्याच्या मनातला गोंधळ फिटला. त्या सभेला मेंडेलीव्हही होता. त्याची मूलद्रव्यांची सारणी १८६९ची.

यातला क्रम भाचेबुवांनी बघावा. गोंधळ चारचौघांत उघडा पडला. सुटला मात्र घरी, पुस्तिका घेऊन एकट्याने बसल्यावर.

अमेरिकेतही पुढे या दोन्हींची जोड लागते, असंच आढळलं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रीझमन यांनी कलनशास्त्र शिकणारी मुलं पाहिली. काही मुलं कष्टाळू, पण कायम एकटी अभ्यास करणारी, आणि तरी नापास होणारी. जी पुढे जात होती ती आधी आपापली गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघत. पुढे १९९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रसायनशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गासाठी गट बसवले गेले, प्रत्येक गटाला एक वरच्या वर्गातला विद्यार्थी. आणि त्या ‘हो, हो’चं काय? २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तेही तपासलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

मामाचा खरा राग वेगळाच आहे. चौघं युरियाच्या पोत्यांवर बसून मोल शिकतात आणि पोतं वाचत नाहीत! युरियाच्या रेणूत नायट्रोजनचे २ अणू, हायड्रोजनचे ४, कार्बनचा १, ऑक्सिजनचा १. वस्तुमानांची बेरीज ६०, त्यात नायट्रोजन २८. म्हणजे शेकडा ४६.६७. पोत्यावर छापलंय ४६, कारण कारखान्यातल्या युरियात थोडा ओलावा आणि थोडं बाययुरेट असतं. ४५ किलोच्या पोत्यात नायट्रोजन किती? वीस किलो आणि वर सातशे ग्रॅम. एवढं गणित पोत्यावर बसल्या बसल्या व्हायला हवं.

मग डीएपी घ्यावं. ‘अठरा-शेचाळीस’ हे शब्द बाजारात पोरंसोरंही म्हणतात. यातला शेचाळीस फॉस्फरसचा नाही, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाचा आहे, आणि ते पेंटॉक्साइड पोत्यात नसतंच. ती नुसती मोजायची जुनी रीत. खरा फॉस्फरस शेकडा २०च्या आसपास, ५० किलोच्या पोत्यात साधारण १० किलो. मामा बी.एस्सी. असूनही कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना ‘शेचाळीस टक्के फॉस्फरस’ सांगत आला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने “म्हणजे अर्ध्या पोत्याला थोडंसंच कमी ना?” असं विचारलं, तेव्हा कुठे कागदावर मांडून पाहिलं. लाज वाटली.

आता जे सांगायला हा कागद घेतला ते. भाचेबुवा हुशार आहेत आणि तीच चौघांची अडचण आहे. प्रश्न पुरा वाचून होत नाही तोच पडद्याआडून भाचेबुवांचं उत्तर ऐकू येतं. मग बाकीचे ते वहीत उतरवतात आणि विषय संपतो. गुरुवारी भाचेबुवा चहा आणायला गेले होते, म्हणून तर भांडण झालं! त्या चौघांत जो मुलगा खेड्यावरून एसटीने येतो, त्याचा आवाज आठ दिवसांत मामाने दोनदा ऐकला, तोही “गाडीची वेळ झाली” एवढाच. त्याला गणित येत नसेल असं धरू नये. त्याला बोलायला फटच मिळालेली नाही.

तेव्हा पाच गणितं प्रत्येकाने घरून सोडवून आणावीत. जमल्यावर फक्त उत्तरं ताडावीत. जिथे चौघांचं उत्तर एक, तिथे पुढे सरकावं. जिथे फुटलं, तिथे पुस्तक मिटून ठेवावं आणि प्रत्येकाने आपलं उत्तर कसं आलं ते आपल्या बोलीत सांगावं, पहिली पाळी एसटीवाल्याची, शेवटची भाचेबुवांची. रात्री घरी गेल्यावर तेच गणित न बघता पुन्हा सोडवावं. अणू, परमाणु, रेणू, सगळ्या भाषांतले शब्द एका पानावर मांडून ते पान खोलीत चिकटवावं. डिंक गल्ल्यात आहे.

सोमवारी डीएपीची गाडी उतरणार आहे, त्या दिवशी मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसेल. मंगळवारी यावं. चहा मामा पाठवेल, भाचेबुवांनी उठू नये. फक्त सगळ्यांचं बोलून होईस्तोवर थांबावं.

तुमचा,
मामा