भरतीची धाव : सराव आणि आहार

पोलीस भरतीची चाहूल लागली की गावोगावची शाळांची मैदाने, कालव्याकडेचे रस्ते आणि माळराने पहाटेपासून तरुणांनी गजबजू लागतात. हे दृश्य उत्साहवर्धक आहे यात शंका नाही. परंतु त्याला एक दुःखद बाजूही आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना कोसळून काही उमेदवार मृत्युमुखी पडले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. आता पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर घटले, तरी महिना-दीड महिन्यात शरीर पिळून काढण्याची सरावाची रीत अनेक ठिकाणी तशीच आहे, आणि खरा धोका तिच्यातच आहे.

जुन्या तालमीत नव्या पोराला वस्ताद लगेच कुस्तीला उभे करीत नसत. आधी हौद्यातील माती उकरणे, मग थोडे जोर, थोड्या बैठका, असा क्रम असे. स्नायू, सांधे आणि हृदय यांना भार सोसण्याची सवय हळूहळूच लागते, हे त्यामागील तत्त्व धावण्यासही लागू पडते. सरावाची तयारी किमान तीन-चार महिने आधी सुरू व्हावी. आठवड्यातील बहुतेक धाव, शेजारच्याशी बोलता येईल अशा बेताच्या वेगाने असावी. बोलताना धाप लागत असेल तर वेग अधिक झाला असे समजावे. पाया पक्का झाल्यावर आठवड्यातून एक दिवस ४०० मीटरच्या चार ते सहा वेगवान फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, कराव्यात. दोन दिवस जोर-बैठका व गोळाफेकीचा सराव, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. हा विश्रांतीचा दिवस आळसाचा नव्हे. झिजलेले स्नायू भरून येतात ते याच वेळी. डांबरी रस्त्यावर नित्य धावल्याने नडगीचे दुखणे जडते, म्हणून मातीचे मैदान केव्हाही बरे.

आहाराविषयी तर गैरसमजच अधिक. डबाबंद पावडरीवाचून ताकद येत नाही, अशी समजूत व्यायामशाळांतून पसरली आहे आणि मोलमजुरी करणारे आईबापही त्यासाठी उसनवार करतात. प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहावा. सर्वसाधारण प्रौढ माणसास शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. कसून सराव करणाऱ्यास १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या तरुणास ७२ ते ९६ ग्रॅम. आता घरातील ताट पाहा. ज्वारीच्या चार मोठ्या भाकरींतून सुमारे २५ ग्रॅम, दिवसभरातील शंभर ग्रॅम डाळ व कडधान्यांतून २२, अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून १८, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि दोन अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ८० ग्रॅमच्या वर जाते. अंडी न खाणाऱ्यांनी उसळीचे प्रमाण वाढवावे. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ल्याने एकातील उणीव दुसरी भरून काढते. धावण्यासाठीचे इंधन मात्र मुख्यतः धान्यातूनच मिळते. तेव्हा 'भाकरीने अंग जड होते' म्हणून ती सोडणारा उमेदवार आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. जड जेवणानंतर दोन-तीन तास धावू नये. पहाटेच्या सरावापूर्वी एखादे केळे पुरे.

मुलींच्या बाबतीत प्रशिक्षकाने आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. अशी मुलगी मागे पडली की तिला 'कमी पडतेस' असे म्हटले जाते. वास्तविक तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच कमी असते. सराव सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते १२ ग्रॅमच्या खाली असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. पालेभाज्या, हळीव, कडधान्ये यांच्यासोबत लिंबू किंवा आवळा असावा; जेवणाला लागून चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी लागत नाही.

रक्तदाब वाढविणारी इंजेक्शने घेऊन धावण्याचा प्रकार याहून गंभीर होय. मेफेंटरमिन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब उतरल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याचे आहे. ते टोचून उन्हात धावणे म्हणजे आधीच वेगाने धडधडणाऱ्या हृदयावर घाव घालणे. अशी कुपी मैदानावर आढळल्यास शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी डोळेझाक करू नये. धावताना पूर्वी कधी भोवळ आली असेल, छातीत दुखले असेल, किंवा घरातील कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर अशा उमेदवाराची हृदयाची तपासणी झाल्याखेरीज त्याला धावू देऊ नये.

उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर सराव थोडा व सकाळचा ठेवावा. दीर्घ सरावात घाम फार गेल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. धावताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला उष्माघात समजून तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगभर गार पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. एकाने १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बाकीच्यांनी पाणी ओतणे थांबवू नये.