घोडीचे खूर तापलेत, चालवत नाही

प्रश्न : आमची घोडी पाचगणीच्या टेबललँडवर फेऱ्या मारते. परवा तिने पोत्यातला हरभरा भरपूर खाल्ला. आता पुढचे पाय पुढे रोवून उभी राहते. काय झालं असेल? – वाचक, सातारा

उत्तर : ही लक्षणे लॅमिनायटिसची दिसतात. जादा दाण्यातील स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, जिवाणूंची विषे रक्तात उतरतात आणि खुराला हाडाशी धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात. वार अडकणे, लठ्ठपणा, कठीण जमिनीवरची दौड हीही कारणे असतात. आजच पशुवैद्यक बोलवा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तोवर दाणा-गूळ बंद. वाळलेले गवत, पाणी द्या. फेऱ्या थांबवा, मऊ वाळूत ठेवा, खूर बर्फाच्या पाण्यात बुडवा. उशीर झाल्यास आतले हाड खाली सरकते.