तलावाकाठी मुक्काम, पण कोणत्या घरात?

प्रश्न : दिवाळीनंतर आईवडील व मुलांसह भंडारदऱ्याला राहायचं आहे. घर कसं निवडावं?
— एक वाचक, बाभुळगाव

उत्तर : जाहिरातीतले फोटो बहुधा पावसाळ्यातले असतात. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं ते सिंचनासाठी. आवर्तनं सुटली की काठ मागे सरतो. तुमच्या बाभुळगावजवळच्या बेंबळा धरणाचं तुम्ही पाहताच! म्हणून मालकाकडून याच आठवड्यातला, अंगणातून काढलेला व्हिडिओ मागवा. ‘लेक व्ह्यू’ म्हणजे काठ नव्हे, पाणी पायी किती दूर तेही विचारा. आईवडिलांसाठी तळमजलाच घ्या. मुलं आहेत, तर कुंपण नसलेलं काठावरचं घर मी सुचवणारच नाही. प्रवास लांब वाटला तर गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध बघा. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षीही दिसतात.