शाळामास्तर ते पार्लमेंटचे सभासद : दादाभाई नौरोजी

लंडन शहरात, इंग्रज मतदारांच्या मतांनी निवडून येऊन, इंग्रजांच्याच पार्लमेंटात हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे गाऱ्हाणे मांडणारा पुरुष मूळचा शिक्षक होता, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून दादाभाई नौरोजी यांच्या चरित्राचा अल्प परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी उपाध्यायाच्या घरी झाला. ते चार वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. आई माणकबाई हिने कष्ट सोसून मुलास शाळेत घातले. त्या काळी मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी नव्हती, म्हणूनच हा मुलगा शिकू शकला. पुढे त्यांच्या मनात एक विचार कायमचा ठसला. तो असा की, आपले शिक्षण गरीब रयतेच्या पैशावर झाले आहे. तेव्हा ते ऋण लोकसेवेने फेडणे हे आपले कर्तव्य होय.

एल्फिन्स्टन संस्थेत अध्ययन करून ते तेथेच शिक्षक झाले. १८४९ साली त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुलींना शिकविण्यास ओटा तरी द्या, अशी विनवणी करीत हे तरुण घरोघर हिंडले. कित्येक बापांनी त्यांना जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली. तरी ते मागे हटले नाहीत, व विनावेतन शिकवीत राहिले. १८५५ साली दादाभाई गणित व सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या महाविद्यालयात हे पद मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

त्याच वर्षी कामा यांच्या पेढीचे भागीदार म्हणून ते विलायतेस गेले. परंतु अफू व मद्य यांच्या व्यापारातील नफा त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस रुचेना, म्हणून त्यांनी ती भागीदारी सोडली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी गुजराती भाषाही शिकविली.

गणिताचा हा शिक्षक राजकारणात शिरला तो हिशेब हाती घेऊनच. सरकारच्याच कागदपत्रांवरून त्यांनी ताळा काढला की, हिंदी माणसाचे उत्पन्न वर्षास सरासरी सुमारे २० रुपये पडते, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रासदेखील याहून अधिक खर्च येतो! मग येथील संपत्ती जाते कोठे? इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शने व इतर खर्च यांच्या रूपाने ती दरसाल विलायतेस वाहून जाते, असे त्यांनी दाखविले. आमच्या वऱ्हाडचा कापूसही त्या काळी विलायतेच्या गिरण्यांकडे जात असे. तेव्हा हा प्रश्न उंद्रीच्या शेतकऱ्याच्या आजापणज्यांचाही होता, हे ध्यानात ठेवावे.

१८८६ साली पार्लमेंटच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी त्यांच्या काळ्या वर्णाचा जाहीर उपहास केला. परंतु पुष्कळ न्यायी इंग्रजांस त्या उद्गारांची लाज वाटली आणि दादाभाईंचे नाव सर्वतोमुखी झाले. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच मतांनी विजयी झाले. शपथ त्यांनी आपल्या अवेस्ता ग्रंथावर घेतली. आम्ही ख्रिस्ती असलो तरी, परक्या देशात आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहणाऱ्या या पुरुषाविषयी आम्हांस आदरच वाटतो.

सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा इंग्लंडप्रमाणे हिंदुस्थानातही व्हावी, असा ठराव १८९३ साली कॉमन्स सभेत संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही, आणि अशी परीक्षा येथे सुरू होण्यास १९२२ साल उजाडावे लागले. दादाभाई तर ३० जून १९१७ रोजीच निवर्तले होते. तत्पूर्वी, १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी स्वराज्याची मागणी निर्भयपणे केली होती.

धन्याने चाकरांच्या हाती सोपविलेल्या द्रव्याचा दृष्टांत शुभवर्तमानात आहे. ते द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्यास धन्याने दोष दिला. विद्याही तशीच सोपविलेली ठेव आहे. विद्यार्थीमित्रहो, तुमच्या पुस्तकांमागे कोणाचे कष्ट आहेत, याचा हिशेब प्रथम करा. आणि पालकहो, कापूस वेचणीच्या दिवसांत मुलीस शाळेतून काढण्यापूर्वी क्षणभर थांबा. तिला घरी ठेवल्याने वाचणारी मजुरी लागलीच मोजता येते; तिच्या हुकलेल्या शिक्षणाचे नुकसान मात्र जन्मभर भरून निघत नाही.