काळा दगड आणि गुलाबी दगड

आपल्या गावात जिकडे पाहावे तिकडे काळा दगड. घराच्या भिंती काळ्या, विहीर काळी, आजीचे जातेसुद्धा काळे. माझ्या मामाचे गाव देगलूर तालुक्यात आहे. जिल्हा आपलाच, नांदेड. पण तिथला दगड गुलाबी आणि ठिपक्याठिपक्यांचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामेभावाशी माझे यावरूनच भांडण झाले. मी म्हणाले, "आमचा दगड ज्वालामुखीचा आहे. त्याला भोकं आहेत बघ. तुझ्या दगडाला एक पण भोक नाही. तो अग्नीतून आलेलाच नाही." तो रुसला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

शाळा उघडल्यावर मी दोन्ही दगड गुरुजींना दाखवले. गुरुजी हसून म्हणाले, "अगं, हे दोन्ही अग्निजन्यच आहेत!" मग त्यांनी समजावून दिले, ते मी लिहीत आहे.

अग्निजन्य खडक म्हणजे काय? पृथ्वीच्या पोटात फार उष्णतेने खडक वितळतो. त्या रसाला शिलारस म्हणतात. शिलारस थंड होऊन घट्ट झाला की अग्निजन्य खडक बनतो.

बेसाल्ट : हा आपला काळा दगड. शिलारस भेगांतून जमिनीवर आला की त्याला लाव्हारस म्हणतात. उघड्यावर तो लवकर थंड होतो. म्हणून याचे कण इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कधी रसातले बुडबुडे आतच अडकतात आणि भोकं पडतात. पण बिनभोकाचा बेसाल्टही असतो. आजीचे जाते तसेच आहे. आपल्याकडचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचून झाला. अजिंठा व वेरूळची लेणी याच दगडात कोरली आहेत.

ग्रॅनाइट : हा मामाच्या गावचा दगड. याचा शिलारस वर आलाच नाही. तो खूप खोल अडकून राहिला. वर जमिनीचे जाड पांघरूण, म्हणून तो हळूहळू थंड झाला. त्याला हजारो, लाखो वर्षे लागतात. तेवढ्या वेळात कण मोठे होतात. गारेचे कण काचेसारखे, फेल्डस्पारचे गुलाबी किंवा पांढरे आणि अभ्रकाचे काळे चकचकीत दिसतात. मग तो वर कसा दिसतो? वरची जमीन ऊनपावसाने झिजून गेली आणि तो उघडा पडला. देगलूरकडचा ग्रॅनाइट २०० कोटी वर्षांहून जुना आहे.

गुरुजींनी बत्तासा आणि खडीसाखर दाखवली. दोन्ही साखरेच्या पाकाचेच. बत्तासा झटपट होतो, त्याला आत भोकं असतात. खडीसाखर सावकाश होते, तिचे खडे मोठे होतात. तसेच हे दगड. मात्र दोघांचा पाक अगदी एक नाही. ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त असते. बेसाल्टमध्ये लोह जास्त असते, म्हणून तो काळा आणि हाताला जड लागतो.

मित्रांनो, दगड दिसला की आधी त्याचे कण बघा. भोकं बघून ठरवू नका. मी तसे ठरवले आणि चुकले. दिवाळीला मामाकडे गेले की मी भावाला सांगणार आहे, "तुझा दगड पण अग्नीचाच, आणि माझ्या दगडाहून थोरला आहे."