समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण आणि क्षेत्रकार्याची पारख

मराठवाड्याच्या गावोगावी ‘समाजसेवक’ हा शब्द वाढदिवसाच्या फलकावर इतक्या वेळा छापला जातो की, ‘समाजकार्य’ ही दोन वर्षे रीतसर शिकण्याची, काटेकोर शिस्तीची आणि पोटापाण्याची विद्या आहे, हे अर्जदारालाच नव्हे तर त्याच्या घरच्यांनाही पटवून द्यावे लागते. मास्टर ऑफ सोशल वर्क, म्हणजे बोलीभाषेतील एम.एस.डब्ल्यू., या चार सत्रांच्या पदवीला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो आणि या सहज प्रवेशामुळेच ‘दुसरे काही मिळाले नाही म्हणून’ येणारा विद्यार्थी आणि ‘कोणीही चालेल’ म्हणणारे महाविद्यालय यांची गाठ पडते. या गाठीतून होणारे नुकसान प्रस्तुत लेखिकेने परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या खेड्यातून जाऊन स्वतः सोसले असून, त्यात तिची चूक जेवढी होती त्यापेक्षा तिला सांगितलेल्या खोट्या गोष्टींचा वाटा मोठा होता, हे येथे आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

भारतात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेने झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक होते आणि १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजेच ‘टिस’, या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन आणि पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली. या शिक्षणाचा गाभा व्याख्यानात नसून क्षेत्रकार्यात आहे, म्हणजे विद्यार्थ्याने आठवड्यातील ठरलेले दिवस, बहुधा दोन, एखाद्या रुग्णालयात, बालगृहात, महिला समुपदेशन केंद्रात किंवा वस्तीत अनुभवी कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करण्यात आहे.

क्षेत्रकार्य म्हणजे संस्थेत जाऊन बसून येणे नव्हे. व्यक्तिसहाय्य कार्य (एका व्यक्तीच्या अडचणीवर तिच्याच सोबतीने उपाय शोधण्याची पद्धत), गटकार्य आणि समुदाय संघटन या वर्गात शिकवलेल्या पद्धती विद्यार्थी तेथे वापरून पाहतो, घरी आल्यावर त्या दिवसाचा सविस्तर अहवाल लिहितो आणि आठवड्याच्या शेवटी प्राध्यापकांसमोर बसून त्या अहवालातील प्रत्येक वाक्याचा जाब देतो. या समोरासमोरच्या बैठकीला इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘आयसी’, असे नाव आहे. ‘तू त्या बाईला सल्ला दिलास, पण तिला काय हवे होते ते विचारलेस का’ असा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला दर आठवड्याला ऐकावा लागतो तो हळूहळू घडतो. ज्याला कोणी विचारतच नाही, त्याच्या हाती दोन वर्षांनी फक्त गुणपत्रिका उरते.

लेखिकेच्या निवडीमागील कारणे परभणी जिल्ह्यातील असंख्य घरांत आजही तशीच सापडतील. पिंगळी हे परभणी–पूर्णा लोहमार्गावरील स्थानक असल्याने सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतणे शक्य होते. ‘मुलगी रोज डोळ्यांसमोर राहील’ हे वडिलांचे म्हणणे होते आणि ‘पदवी तीच, मग लांब जाऊन पैसा कशाला घालवायचा’ हे थोरल्या काकांचे. प्रवेशाच्या दिवशी संबंधित विनाअनुदानित महाविद्यालयातील (ज्याला शासनाकडून वेतन अनुदान मिळत नाही असे) प्रवेश समितीच्या प्रमुखांनी तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या: वैद्यकीय आणि मनोचिकित्सा समाजकार्य हे विशेषीकरण उपलब्ध आहे, क्षेत्रकार्य जिल्ह्यातील नामांकित संस्थांत होते आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत शुल्कासाठी कोणी तगादा लावणार नाही. यांपैकी एकही गोष्ट कागदावर मागावी, असे त्या वेळी घरातील कोणालाही सुचले नाही, कारण शिकवणाऱ्या माणसाचा शब्द हाच कागद, असे मानण्याची रीत त्या घरात होती.

पहिल्या सत्रात क्षेत्रकार्य ‘दिवाळीनंतर सुरू होईल’ असे सांगण्यात आले आणि दिवाळीनंतर ‘परीक्षा झाली की’ असे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र अहवालवही जमा करण्याची सूचना फलकावर लागली. वर्गातील काहींनी आदल्या तुकडीच्या वह्या मिळवल्या, नावावर पांढरे फ्लुइड लावले आणि तारखा बदलल्या. हे लेखिकेला मान्य न झाल्याने कोरी वही घेऊन ती कार्यालयात विचारणा करण्यास गेली, तेव्हा लिपिकाने वहीकडे न पाहताच टेबलाचा खालचा खण ओढला. त्या खणात शाईचे वाळत आलेले निळे पॅड आणि त्याशेजारी रबरबँडने एकत्र बांधलेले चार गोल शिक्के होते. ज्या संस्थांमध्ये विद्यार्थी वर्षभर जात असल्याचे दाखवले जात होते, त्याच संस्थांचे ते शिक्के होते. ‘कोणता मारू?’ एवढाच प्रश्न लिपिकाने विचारला. त्याच्या आवाजात संकोच नव्हता, घाई होती, कारण मागे आणखी विद्यार्थी उभे होते. या फसवणुकीला तेथे लबाडी म्हणून नव्हे तर दैनंदिन कामकाज म्हणून स्थान होते, हे लेखिकेला त्या क्षणी उमगले आणि नेमकी हीच गोष्ट आजही तिच्या मनातून जात नाही. त्या चारांपैकी दोन संस्था महाविद्यालय चालवणाऱ्या मंडळाच्याच होत्या, हे तिला पुढे कळले.

तक्रार घेऊन गेल्यावर प्रमुखांनी दिलेले उत्तर शब्दशः लक्षात राहिले आहे: ‘बाई, पदवी मिळते आहे ना? मग इतक्या खोलात कशाला जाता?’ विशेषीकरणाबद्दल विचारले असता ‘त्या विषयाला प्राध्यापक मिळाले नाहीत’ असे सांगून संपूर्ण वर्ग समुदाय विकास या एकाच गटात घालण्यात आला. लेखिकेने प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला, तेव्हा दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ‘दोन्ही वर्षांचे शुल्क भरल्याशिवाय मिळणार नाही’ अशी अट पुढे आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे ठेवून घेता येत नाहीत. ती पडताळून लगेच परत द्यावी लागतात. त्याच अधिसूचनेत शुल्कपरतीचे टप्पेही ठरवून दिले आहेत: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास किरकोळ प्रक्रियाखर्च वजा जाता पूर्ण शुल्क, अंतिम तारखेपर्यंतच्या उरलेल्या दिवसांत ९० टक्के, त्या तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि पुढे काहीच नाही. ही माहिती लेखिकेला तिची मुदत उलटून गेल्यावर मिळाली. ती मुद्दाम दडवली गेली असे सिद्ध करता येणार नाही, परंतु प्रवेशपुस्तिकेच्या एकाही पानावर तिचा उल्लेख नव्हता, ही वस्तुस्थिती आहे.

कागदपत्रे अडकल्याने पदवी तेथेच पूर्ण करणे भाग पडले. या पोकळ शिक्षणाची किंमत पहिल्यांदा दुसऱ्याच एका व्यक्तीने मोजली. एका सर्वेक्षणाच्या कामावर असताना परभणी तालुक्यातील एका गावात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून ‘ताई, हे अपात्र का लिहिलंय’ असे विचारले. राज्य शासनाच्या योजनेत पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, त्यांतील ३० हजार थेट व ७० हजार ठेवीच्या रूपाने दिले जातात. पात्रता ठरवताना शेतजमीन कुटुंबाच्या नावे होती का, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवानाधारक सावकाराचे होते आणि वसुलीचा तगादा होता का, हे जिल्हास्तरीय समिती पाहते. यांपैकी काहीही एम.एस.डब्ल्यू. झालेल्या लेखिकेला त्या दिवशी ठाऊक नव्हते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी वेगळा अर्ज करता येतो, एवढेही तिला त्या बाईला सांगता आले नाही. ती बाई काही बोलली नाही. तिने कागदाची घडी पूर्वीच्याच रेषांवर घातली आणि तो पिशवीत परत ठेवला.

त्यामुळे महाविद्यालयाची निवड करताना इमारत, निकालाची टक्केवारी आणि अंतर यांच्या आधी क्षेत्रकार्याची चौकशी करावी आणि ती प्राध्यापकांकडे नव्हे तर द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे करावी. त्यांची अहवालवही पाहायला मागावी. तिच्यात प्राध्यापकांच्या हस्ताक्षरात समासात प्रश्न लिहिलेले आहेत की प्रत्येक पानावर नुसती सही आहे, एवढ्यावरून संस्थेची पारख बहुतांशी होते. एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी सोपवले जातात, आयसीचा वार ठरलेला आहे का, उन्हाळ्यातील ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे सलग काही आठवड्यांचे पूर्णवेळ क्षेत्रकार्य, आदल्या वर्षी कोठे झाले आणि क्षेत्रकार्याच्या संस्थांपैकी किती त्याच मंडळाच्या मालकीच्या आहेत, हेही विचारावे. ‘दररोज आले नाही तरी चालेल’ हे वाक्य कानी पडताच, ते कितीही सोयीचे वाटले तरी, अर्ज तेथेच थांबवावा. नोकरी करत शिकणे भागच असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा समाजकार्याचा अभ्यासक्रम उघडपणे दूरशिक्षणाचा आहे आणि तो निवडणे बनावट हजेरीपेक्षा अधिक प्रामाणिक ठरते.

विशेषीकरणाच्या बाबतीत कायदा काय म्हणतो हे पाहणे उपयोगाचे आहे, कारण संपूर्ण समाजकार्य व्यवसायासाठी वैद्यकीय किंवा बार कौन्सिलसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद भारतात नाही आणि म्हणून पदवीच्या नावापलीकडे तिची हमी देणारे बहुधा कोणी नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोचिकित्सा समाजकार्यकर्ता या संज्ञेच्या व्याख्येत समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीसोबत त्याच विषयातील दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा समावेश आहे. अर्थात, केवळ एम.एस.डब्ल्यू. करून ते पद मिळेल असे सांगणारा प्रवेशप्रमुख दिशाभूल करत असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते आणि कामगार कल्याणाचे विशेषीकरण त्यातूनच लोकप्रिय झाले, परंतु परभणीसारख्या कारखाने विरळ असलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने ते घेताना घर सोडण्याची तयारी आधी ठेवावी. शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, बाल न्याय व्यवस्थेतील परिवीक्षा अधिकारी आणि महिला समुपदेशन केंद्रे ही या भागातील विद्यार्थ्याला अधिक जवळची क्षेत्रे आहेत.

तारखांविषयी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण लेखिकेची खरी संधी येथेच हुकली. टिसच्या मुंबई व तुळजापूर येथील संकुलांतील पदव्युत्तर प्रवेश २०२४ पासून सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेच्या आधारे होतात. तिचे अर्ज साधारणपणे हिवाळ्यात भरले जातात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते, शिवाय टिसकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. खेड्यातील घरात पुढील शिक्षणाचा विषय मात्र पदवीचा निकाल लागल्यावर, म्हणजे जून-जुलैमध्ये निघतो. तोवर ती दारे बंद झालेली असतात आणि उघडी राहतात ती जागा भरायला उत्सुक असलेली महाविद्यालये. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर संकुल ग्रामीण विकासाच्या कामासाठी मराठवाड्यातच उभे आहे, हे लेखिकेला बी.ए.च्या तीन वर्षांत एकाही शिक्षकाने सांगितले नाही, याचे दुःख कमी होत नाही.

पैशाचा हिशेब शिष्यवृत्तीच्या आश्वासनावर करू नये. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी प्रणालीवर भरावे लागतात, रक्कम अनेकदा उशिरा येते आणि दरम्यान महाविद्यालय परीक्षेचा अर्ज अडवू शकते. २०१८ मध्ये टिससारख्या नामवंत संस्थेतही अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांच्या शुल्कसवलतीच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांना संप करावा लागला होता. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिची माहिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन स्वतः घ्यावी. जातवैधता प्रमाणपत्र जात पडताळणी समितीकडून, तर उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र महसूल कार्यालयातून काढायला लागणारा वेळ धरून ही कामे पदवीच्या द्वितीय वर्षातच सुरू करावीत. एकाहून अधिक ठिकाणी अर्ज करावा, माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचावी आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी, हे सर्वांना माहीत असते, तरीही सांगितले पाहिजे.

पिंगळी, मिरखेल, पूर्णा अशा स्थानकांवरून सकाळची गाडी पकडून प्रवेशाला निघालेल्या प्रत्येक मुलीने आणि तिच्या वडिलांनी शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी एक दिवस मोडावा, महाविद्यालयाने क्षेत्रकार्यासाठी नाव सांगितलेल्या संस्थेत स्वतः जावे आणि तेथील कार्यकर्त्याला एवढेच विचारावे की, गेल्या आठवड्यात या महाविद्यालयाचा कोणता विद्यार्थी येथे आला होता आणि तुमचा शिक्का कोठे ठेवलेला असतो.