कुलूपबंद वाड्याची नोटीस

पुण्याच्या पेठेतला आमचा वाडा पडला, त्या रात्री त्यात आमच्यापैकी कोणीच राहत नव्हतं. आधीची अकरा वर्षंही कोणी राहत नव्हतं. पुढच्या अंगाला शिंपीकाकांचं दुकान होतं, ते रात्री नऊला फळी ओढून घरी जात. त्यामुळे वाड्यात कोणी सापडलं नाही. पण मागची भिंत आमच्या हद्दीत पडलीच नाही. ती बोळ ओलांडून शेजारच्या माईंच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर गेली. माई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. वय सत्त्याहत्तर.

जुलैतली रात्र होती, चार दिवस झड लागलेली. मी पोचलो तेव्हा अग्निशमन दलाचे जवान बॅटरीच्या उजेडात मातीचा ढीग उपसत होते. त्या ढिगात मला आमच्या माजघरातला कोनाडा दिसला. अख्खा, आतल्या काजळीसकट. आजी त्यात दिवा लावायची. तो कोनाडा माईंच्या ओट्याशेजारी पडला होता.

नोटीस आम्हाला मे महिन्यातच आली होती. घरात कोणी नाही म्हटल्यावर महापालिकेच्या माणसांनी ती दिंडीदरवाज्यावर चिकटवली. शिंपीकाकांनी फोटो काढून मला पाठवला. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. नाशिकच्या चुलतभावाने लिहिलं, दरवर्षीचंच आहे हे. दुसऱ्याने लिहिलं, पानशेतच्या पुरात टिकलेला वाडा आहे आपला. मी खाली ‘खरंय’ असं लिहिलं. तो शब्द अजून माझ्या फोनमध्ये आहे, मी पुसलेला नाही.

पानशेतचं आमच्या घरात फार कौतुक. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी वाडे बसले. आमचा उभा राहिला. जोतं घडीव दगडाचं होतं, म्हणून राहिला. पण त्या पुराचं पाणी खालून आलं आणि ओसरून गेलं. आमच्या कौलांतून येणारं पाणी अकरा पावसाळे वरून भिंतीत मुरत होतं. ही दोन पाणी वेगळी, हे मला वाडा पडल्यावर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने समजावलं.

त्यांनी जे दाखवलं ते जुनं घर बंद करून ठेवलेल्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं. वाड्याचा सांगाडा सागवानी, भिंती माती-विटांच्या, वर मातीचा थर टाकून केलेली जमीन. माकड किंवा मांजर गेलं की कौल सरकतं. राहतं घर असलं की दुसऱ्या दिवशी पाणी टपकतं, कोणीतरी वर चढतं, कौल बसवतं. बंद घरात ते तसंच राहतं. पाणी भिंतीच्या माथ्यावर पडतं, माती फुगते आणि तुळईचं जे टोक भिंतीत रुतलेलं असतं ते कुजायला लागतं. खोलीत उभं राहून बघितलं तर तुळई ठणठणीत दिसते, कारण कुजलेला भाग भिंतीच्या आत असतो. आमच्या ढिगातून निघालेल्या तुळईचं टोक मी हाताने चुरडलं. वाळवीने खाल्लेल्या पुठ्ठ्यासारखं होतं ते. त्याच तुळईचा मधला भाग सुतार करवतीने कापत होता तर पातं तापत होतं.

त्यात आम्ही भर घातलेली. सत्तर-बहात्तरच्या सुमारास वरच्या मजल्यावर शहाबादी फरशी बसवली आणि मोरी काढली. मातीच्या जमिनीवर दगडाचं वजन, शेजारी कायमची ओल. शिवाय मागच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. तो मला दरवर्षी दिसायचा. पिंपळ कसा तोडायचा, म्हणून राहून गेलं. वरवर कापून भागत नाही, मूळ काढून ती फट बुजवावी लागते, तेही रोप बोटाएवढं असतानाच.

आता नोटिशीबद्दल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली ती येते. पडायला आलेलं बांधकाम पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा, असं आयुक्त लेखी कळवतात. धोका अगदी तोंडाशी आला असेल तर मुदतीची वाट न पाहता महापालिका स्वतः कुंपण घालू शकते, उतरवून घेऊ शकते, आणि खर्च मालकाच्या माथी येतो. माणसं राहत असतील तर कलम २६८ खाली घर रिकामं करायला सांगता येतं. नोटीस आली की पहिल्यांदा श्रेणी बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामं करून पाडायचं. सी-२ म्हणजे रिकामं करून मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती. या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सगळ्यांना लोक ‘धोकादायकची नोटीस’ एवढंच म्हणतात. आमच्यावर त्या वर्षी सी-१ होती. त्याआधी दोन वर्षं सी-२ होती, म्हणजे तेव्हा वाडा वाचला असता. तिन्ही कागद एका फाइलीत होते आणि मी ते शेजारी ठेवून कधी वाचले नव्हते.

आणि नोटिशीची वाट तरी का बघायची? वापर सुरू होऊन ३० वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं आणि तो दाखला महापालिकेला देणं, हे याच कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे मालकाचं काम आहे. शंभरीच्या पुढच्या वाड्यासाठी आमच्यातल्या एकानेही ते केलं नव्हतं.

शिंपीकाकांचं वेगळंच. त्यांना वाटत होतं, ही नोटीस आम्हीच आणवली. महिना अठरा रुपये भाडं देणाऱ्या माणसाला काढायचं तर ‘धोकादायक’ शिक्क्याइतकं सोपं हत्यार नाही, आणि ते वापरणारे मालक आहेतच. त्यांचा संशय मला तेव्हा लागला. आज वाटतं, मी त्यांच्या जागी असतो तर असाच वागलो असतो. त्या संशयापायीच माणसं पडक्या घरात राहतात. मुंबईच्या भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती आधीच धोकादायक ठरलेली होती.

म्हणून भाडेकरूंना कळकळीने सांगतो. जीव आधी बाहेर काढा, हक्क कागदावर बाहेर काढता येतो. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेला आहे. फक्त पाडण्याआधी आपलं नाव आणि ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेच्या दप्तरी लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत हातात ठेवा. भाड्याच्या पावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, दुकानाचा परवाना हे सगळं एका पिशवीत घालून घराबाहेर ठेवा. काकांच्या पावत्या माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या. ढिगातून ती ट्रंक निघाली हे त्यांचं नशीब. मालकांनीही अंतर ठेवू नये. आपण होऊन मोजमाप करून द्यावं, ताबा परत मिळण्याचा लेखी करार करावा. आमच्याकडे ते नंतर झालं आणि एका दुपारी झालं. टेप काकांनी धरली, मी आकडे लिहिले. २१० चौरस फूट.

मुंबईकर वाचकांसाठी एक गोष्ट. शहर भागातल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी तिथे म्हाडाचं दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ आहे. १९६९ पर्यंतच्या जुन्या इमारती त्यात येतात, उपकर भरला जातो, दुरुस्तीसाठी दाद मागायला एक दार आहे. ते पुरेसं चालतं असं मी म्हणत नाही. पण पुण्याच्या वाड्याला तेही दार नाही. इथे मालक आणि भाडेकरू यांच्याखेरीज कौल बसवायला कोणी येणार नाही.

आणि मालक म्हणजे कोण? खरी गाठ इथे होती. मिळकत पत्रिकेवर आजोबांचंच नाव, ते जाऊन चाळीस वर्षं झालेली. वारस नोंद झालीच नव्हती. मोजायला बसलो तर चौदा वारस निघाले. आत्यांना विचारायचं काय, असं पूर्वी घरात बोललं जाई, ते कायद्यातही बसत नाही आणि मनालाही बसू नये. आजोबांच्या मिळकतीत मुलीही वारस असतात आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. कोणाला सोडून केलेला करार पुढे अडतो. चौदा जणांचं असलेलं घर म्हणजे कोणाचंच नसलेलं घर. आपला हिस्सा जाऊ नये म्हणून प्रत्येकाने कुलूप राखलं आणि आपल्या खिशातून जाऊ नये म्हणून एकानेही छप्पर राखलं नाही. दुरुस्तीला तेव्हा लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे पाडकाम, माईंचं ऑपरेशन आणि त्यांचं स्वयंपाकघर यांत गेले. त्या पैशाचं मला दुःख नाही. माई दोन महिने पाठीवर पडून होत्या, त्याचं आहे.

तेव्हा ज्यांचं गावात, पेठेत, कोकणात असं बंद घर आहे त्यांनी या महिन्यात नगर भूमापन कार्यालयात जाऊन मिळकत पत्रिकेचा उतारा काढावा. नाव कोणाचं आहे ते बघावं, मृत्यूचे दाखले जमवावेत, वारस नोंदीसाठी अर्ज द्यावा. वाटणीचा वाद मिटेपर्यंत थांबू नये, नोंद आणि वाद वेगळे चालू शकतात. एका माणसाला सगळ्यांनी कुलमुखत्यारपत्र द्यावं, निदान दुरुस्ती आणि महापालिकेचा पत्रव्यवहार यांपुरतं. परदेशातल्यांनी ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं. महापालिकेकडे आपला चालू पत्ता आणि मोबाइल नोंदवावा, म्हणजे नोटीस पावसात भिजत दारावर राहणार नाही. एप्रिलमध्ये कौलं चाळून घ्यावीत. दर वर्षी. आणि शेजाऱ्याकडे एक किल्ली द्यावी. माईंना दोन वर्षांपासून भिंतीचा फुगवटा दिसत होता, पण सांगायचं कोणाला हेच त्यांना माहीत नव्हतं.

उरलेला वाडा ऑगस्टमध्ये महापालिकेच्या देखरेखीखाली उतरवला. कोनाडा मला उचलून ठेवायचा होता, पण हात लावताच त्याची माती झाली. नव्या बांधकामाचं अजून ठरायचं आहे. प्लॉट अरुंद आहे, कडेची जागा सोडून काय उभं राहील ते वास्तुरचनाकार बघताहेत. न्यू जर्सीच्या दादाचं कुलमुखत्यारपत्र गेल्या आठवड्यात आलं. सोलापूरच्या आत्याची सही तेवढी राहिली आहे. ती म्हणाली, सही करीन, पण आधी मला जागेवर घेऊन चल.

माई काठी घेऊन चालतात. त्यांच्या नव्या खिडकीतून आमची मोकळी जागा सरळ दिसते. पावसाआधी तिथलं गवत काढून घे, खड्ड्यात पाणी साचलं की डास होतात, असं त्यांनी मला परवा बोलावून सांगितलं. रविवारी दोन माणसं लावली आहेत, मीही जाणार आहे.